नावाची घाई

गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीजवळ, मिऱ्याच्या खडकांत, ओहोटीच्या वेळी नववीतला एक मुलगा ओरडला, "मॅडम, नाव आलं!"

आलं म्हणजे फोनमध्ये आलं. आम्ही मूठभर शेवाळ बादलीतल्या पाण्यात खळबळून काढलं होतं. शेवाळ असं हिसळलं की त्यात दडलेले बारीक जीव सुटून तळाशी बसतात. वरचं पाणी हलकेच ओतून दिलं की खाली उरतो तो चमचाभर गाळ, आणि त्या गाळात अख्खं गाव असतं. त्यात तिळापेक्षा थोडा मोठा, तपकिरी, टोकदार असा एक शंख चालत होता. तीन मिलिमीटर भरेल न भरेल. मुलानं फोटो काढला, ॲपनं दोन सेकंद विचार केला आणि सांगितलं : 'रिसोआ पार्व्हा'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवसाच्या यादीत आणखी एक जात वाढली.

रिसोआ पार्व्हा ही नॉर्वेपासून भूमध्य समुद्रापर्यंतच्या किनाऱ्यांवरची गोगलगाय. ती मिऱ्याला कशी आली, हे मला काही सुचेना. मी म्हटलं, "थांब जरा. ही आपल्याकडची नव्हे." मुलगा म्हणाला, "पण मॅडम, फोटो सेम टू सेम आहे." आणि भ्रमंतीचे संयोजक, भले गृहस्थ, हसून म्हणाले, "असू द्या हो मॅडम. मुलांना नाव मिळालं की उत्साह येतो. चुकलं असेल तर कोणीतरी दुरुस्त करेल."

हा लेख त्या शेवटच्या वाक्याशी भांडण्यासाठी लिहिते आहे. कारण तो 'कोणीतरी' कोण, हे मी तीसेक वर्षं शोधते आहे. तो अजून भेटलेला नाही.

गुन्हेगार फोन नव्हे

आधी एक कबुली. ॲपला शिव्या घालणं सोपं आहे आणि माझ्या वयाच्या लोकांना ते आवडतंही. पण मी हीच चूक फोन नसताना केली आहे, आणि पुरेशा विचारानं केली आहे, म्हणजे जास्त वाईट.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे. शंखांचा नाद स्वतःचा, पदवीत कुणी शिकवलेला नव्हे. 2003 साली एका छोट्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूतून मला पाच नळ्या मिळाल्या. दोन-अडीच मिलिमीटर लांब, गुळगुळीत, पांढुरक्या, किंचित वाकलेल्या, हत्तीच्या सुळ्याची कुणीतरी मुंगीसाठी केलेली प्रतिकृती असावी तशा. ही 'सीकम' नावाची प्रजाती, एवढं मला पुस्तकावरून कळलं आणि आनंदानं झोप उडाली. कारण ही नळी म्हणजे गोगलगाय असते, यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

सीकमचं पिल्लू जन्मतं ते चारचौघांसारखं, गुंडाळलेल्या शंखात. मग वाळूच्या कणांमधल्या फटींत राहायला गेलं की शंख वळायचा थांबतो आणि सरळसोट नळी वाढू लागते. पुढे प्राणी आतून एक पडदा बांधून नळीचं मागचं तोंड बंद करतो, आणि बालपणीचं ते वेटोळं तुटून गळून पडतं. वाढताना नळीचा जुना भागही असाच टाकला जातो आणि दर वेळी नवा पडदा बांधला जातो. म्हणजे एकाच जातीच्या नळ्या वयाप्रमाणे वेगळ्या दिसू शकतात, आणि दोन जातींच्या नळ्या वरवर अगदी सारख्या.

माझ्या हातात होतं ते पुस्तक ब्रिटिश किनाऱ्यांवरचं. त्यात गुळगुळीत नळीची जात होती 'सीकम ग्लॅब्रम'. माझी नळी गुळगुळीत होती. झालं. मी लिहिलं : सीकम ग्लॅब्रम. एका निसर्गमंडळाच्या पुस्तिकेत ती यादी छापून आली. खाली माझं नाव. आईला दाखवली, तिनं देवापुढे ठेवली.

आठ वर्षांनी माझा एक जुना विद्यार्थी एका जेट्टीच्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल घेऊन आला. "मॅडम, यात तुमची गोगलगाय आहे!" होती खरीच. माझ्याच यादीतून जशीच्या तशी उचललेली. आणि तिच्या नावापुढच्या रकान्यात लिहिलं होतं : 'विस्तृत आढळ. विशेष महत्त्व नाही.'

लिहिणाऱ्याची चूक नव्हती. सीकम ग्लॅब्रमचा आढळ खरंच विस्तृत आहे, युरोपात. नाव खरं असतं तर शेराही खरा होता. मी घाईनं दिलेल्या नावानं त्या वाळूला 'सर्वसामान्य' ठरवलं होतं.

जेट्टी माझ्या नळीमुळे झाली असं मी म्हणत नाही. 'जात अनिश्चित' असं लिहिलं असतं तरी ती झालीच असती, असं समजण्याइतकी मी या देशात राहिले आहे. पण त्या रकान्यात एक प्रश्नचिन्ह राहिलं असतं. मी ते पुसलं होतं.

शंखात काय लिहिलेलं असतं

लोकांना वाटतं, शंख ओळखणं म्हणजे चेहरा ओळखणं. एकदा पाहिला की लक्षात राहतो. मोठ्या शंखांच्या बाबतीत ते थोडंफार खरंही आहे. कवडी पाहून कुणी शंकू-शंख म्हणणार नाही. पण चार मिलिमीटरच्या खाली चेहरे संपतात. तिथे प्रत्येक ओळख म्हणजे एक युक्तिवाद असतो आणि तो पायरीपायरीनं मांडावा लागतो.

पहिली पायरी : हा प्रौढ आहे का? तीन मिलिमीटरचा शंख हा तीन मिलिमीटरच्या जातीचा म्हातारा असू शकतो किंवा तीन इंची जातीचं बाळ. शंख वाढतो तो फक्त तोंडाच्या कडेला. कडा पातळ, कागदासारखी असेल तर प्राणी अजून वाढत असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच बारीक जातींत वाढ थांबली की ओठ जाड होतो, त्याच्यामागे एखादा उंचवटा येतो. हे न पाहता नाव देणं म्हणजे पाळण्यातल्या मुलाला बुटका म्हणणं.

दुसरी पायरी : टोक. शंखाचं टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग. शंख कडेनं वाढत जातो, पण मागचं काही पुसत नाही. म्हणून प्राणी कितीही म्हातारा झाला तरी त्याचा जन्म त्याच्या माथ्यावर शिल्लक असतो, टोक झिजलेलं नसलं तर. या जन्मशंखाला मी मुलांपुढे 'बालशंख' म्हणते. तो बहुधा पाव-अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि बारीक गोगलगाईंच्या ओळखीत बहुतेक भांडणं त्याच्यावरच मिटतात.

बालशंख लहान असेल आणि त्याला बरेच वेढे असतील, तर ते पिल्लू पाण्यात तरंगत, सूक्ष्म वनस्पती खात, प्रवाहाबरोबर दूरवर गेलेलं असतं. बालशंख मोठा, फुगीर आणि वेढे एक-दीडच, तर ते बहुधा अंड्यातल्या बलकावर वाढलं, आणि तरंगत फारसं भटकलंच नाही. काही जाती तर अंड्यातून थेट सरपटतच बाहेर येतात. रिकाम्या, मेलेल्या, वाळूत सापडलेल्या शंखावरून आपण सांगू शकतो, की या प्राण्याचं बालपण प्रवासात गेलं की घरी. मला ही गोष्ट अजूनही जादूसारखी वाटते. आणि ती केवळ गोड गोष्ट नाही. ज्याची पिल्लं तरंगतात त्याची जात शेकडो मैल पसरू शकते. ज्याची पिल्लं जन्मल्या जागी सरपटतात, त्याची एखादी जात एका किनाऱ्यापुरतीच असू शकते. म्हणजे 'विस्तृत आढळ' हा शेरा मारण्याआधी निदान त्या पाव मिलिमीटरकडे पाहायला हवं होतं.

एका कुळात तर हा बालशंख उलटा असतो. पिरॅमिडेलिडी कुळातल्या गोगलगाई दुसऱ्या प्राण्यांच्या अंगाला लांब सोंड लावून रस शोषतात. त्यांचा प्रौढ शंख उजवीकडे वळतो, पण बालशंख डावीकडे, आणि प्रौढ शंखाच्या माथ्यावर तो आडवा किंवा तिरपा पडलेला दिसतो, टोपी वाकडी घातल्यासारखा. ट्रायफोरिडी कुळात बहुतेक जातींचा अख्खा शंखच डावखुरा. फोटो आरशासारखा उलटला गेला असेल, आणि फोन हे गुपचूप करतात, तर कूळच बदलतं.

त्यानंतर तोंडाचा आकार, मधल्या खांबावर दात आहे का, खाली बेंबीसारखं भोक आहे का, वेढ्यांमधली शिवण किती खोल, वेढ्यावरच्या रेषा उभ्या की आडव्या आणि किती. सीकममध्ये वेढेच नाहीत, म्हणून तिथे सगळी मदार मागच्या पडद्यावर : तो सपाट की घुमटासारखा, त्याला टोक आहे की नाही, असलं तर कुठल्या बाजूला.

आता त्या मुलाचा फोटो आठवा. ओला शंख, वर चमक, वरून घेतलेला. तोंड खाली, टोक धूसर, शेजारी मोजपट्टी नाही. यातली एकही पायरी त्या फोटोत नव्हती. ॲपनं तरीही नाव दिलं, कारण त्याला नावच मागितलं होतं. आपण 'माहीत नाही' हे उत्तर कुणाकडून मागतच नाही, यंत्राकडून तरी का मागू?

चुकीचं नाव काय करतं

चुकीची नावं दोन प्रकारची असतात, आणि दोन्हींची किंमत वेगळी.

पहिला प्रकार : एक जीव, शंभर नावं. युरोपच्या खडकाळ किनाऱ्यांवर 'लिटोरिना सॅक्सॅटिलिस' नावाची नखाएवढी गोगलगाय आहे. ऑलिव्ही यांनी 1792 साली व्हेनिसच्या खाजणातून तिचं वर्णन केलं. नंतर वेगवेगळ्या लोकांनी तिला पुन्हा पुन्हा 'नवीन' म्हणून शोधलं, शंभराहून जास्त वेळा. कारण तिचा शंख जागेप्रमाणे बदलतो. जिथे खेकडे फोडून खातात तिथे तो मोठा आणि जाड कवचाचा, जिथे लाटा आपटतात तिथे छोटा, पातळ, पण मोठ्या तोंडाचा, खडकाला घट्ट पाय रोवता यावा म्हणून. तिची पिल्लं तरंगत जात नाहीत, आईच्या पोटातून थेट सरपटत बाहेर येतात. म्हणून प्रत्येक खडकावर आपापली घडण टिकते. ज्याला ज्या खडकावर ती मिळाली, त्यानं तिला वेगळी जात ठरवलं. 'वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज' या जागतिक नोंदवहीनं 2015 साली हिशेब मांडला, तेव्हा समुद्री जीवांच्या सुमारे 4,19,000 नावांपैकी सुमारे 1,90,000 नावं दुबार निघाली. दोन-अडीचशे वर्षांच्या घाईची ही थकबाकी. ती फेडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक आयुष्यं घालवून ती फेडतात. 'कोणीतरी दुरुस्त करेल' म्हणताना आपण यांच्या आयुष्याची वर्षं खर्ची टाकत असतो.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा : परक्याला घरचं नाव. 1889 साली ब्रिटिश म्युझियममधल्या एडगर स्मिथ यांनी टेम्स नदीच्या मुखाजवळून आलेल्या, पाचेक मिलिमीटरच्या एका मचूळ पाण्यातल्या गोगलगाईला 'हायड्रोबिया जेंकिन्सी' असं नाव दिलं. ब्रिटनची नवी जात. स्मिथ कच्चे नव्हते, आपल्या काळातले मोठे जाणकार होते. पण ती गोगलगाय ब्रिटनची नव्हतीच. ती न्यूझीलंडची होती, आणि तिथे तिचं वर्णन 1843 सालीच होऊन गेलेलं होतं. बाहेरून आल्याचे संशय अधूनमधून व्यक्त झाले, पण इंग्लंडचे आणि न्यूझीलंडचे शंख शेजारी ठेवून नीट तुलना छापून यायला 1972 उजाडलं. म्हणजे 83 वर्षं. तोवर तिनं युरोप व्यापला होता. तिथल्या बहुतेक सगळ्या माद्या, नराशिवाय प्रजनन करणाऱ्या. एक मादी पोहोचली तरी वस्ती वसते. 1987 साली ती अमेरिकेत आयडाहोच्या स्नेक नदीत सापडली. आज काही ओढ्यांत एका चौरस मीटरमध्ये तिची संख्या लाखांत जाते. आता तिचं नाव आहे 'पोटॅमोपिर्गस अँटिपोडेरम'. नाव बरोबर असतं तर ती थांबली असती का? बहुधा नाही. पण ती परकी आहे एवढं तरी लोकांनी वेळेवर जाणून घेतलं असतं.

आणि माझा प्रकार, तिसरा म्हणा : घरच्याला परकं, सगळीकडे मिळणारं नाव. यात काही फुटत नाही, काही पसरत नाही. फक्त एक किनारा कागदावर निष्कारण साधारण होतो. त्याचा आवाजच येत नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप मला तरुण मित्र घेतात. "मॅडम, शंख-बिंख सोडा. डीएनए काढा, मिटलं." डीएनएबद्दल मला आदरच आहे. शंखाच्या मर्यादाही मला ठाऊक आहेत. सॅक्सॅटिलिसची जुळी म्हणावी अशी 'लिटोरिना आर्केना' शंखावरून वेगळी काढताच येत नाही. मादी उघडून, ती अंडी घालणारी की पिल्लं पोटात वागवणारी हे पाहावं लागतं. पण डीएनए नाव देत नाही, जुळणी देतो. तुमच्या तुकड्याशी जुळणारा तुकडा ज्या प्राण्याचा, त्याला नाव कुणीतरी शंख पाहूनच दिलेलं असतं. ते चुकलेलं असेल तर यंत्र ती चूक दशांश चिन्हासह परत करतं. शिवाय वाळूत सापडतात ते हजारात बहुतेक रिकामे शंख, मांसाचा कण नसलेले. आणि जुन्या नावांचे मूळ नमुने, ज्यांच्यावर ती नावं टेकलेली आहेत, तेही बहुतेक रिकामे शंखच.

दुसरा आक्षेप संयोजकांचा : उत्साह. नाव नसेल तर मुलं पाहणारच नाहीत. यात तथ्य आहे, म्हणून मी त्यावर जास्त विचार केला. चाळीस वर्षं मुलांपुढे उभं राहून माझा अनुभव असा, की मुलांना नाव मिळालं की ती पुढच्या खडकाकडे पळतात. नाव हा त्यांच्यासाठी शेवट असतो. पण 'याचं टोक बघ, हा लहानपणी तरंगत होता की नाही ते सांग' असं म्हटलं की पोरं भिंगावरून डोळा काढत नाहीत. उत्साह पाहण्यातून येतो. टाळ्या नावाला मिळतात, ही गोष्ट वेगळी. आणि खरं सांगायचं तर टाळ्या मुलांपेक्षा आपल्यालाच हव्या असतात. 'आमच्या भ्रमंतीत साठ जाती' हे वाक्य मुलांच्या नव्हे, आपल्या अहवालात शोभतं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : अनिश्चित नावाचा उपयोग काय? कायदा 'जात अनिश्चित'चं रक्षण करत नाही. बरोबर. पण कायदा नाव असलेल्या बारीक गोगलगाईचं तरी कुठे करतो? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत शंख आहेत. हेल्मेट, ट्रायटन यांसारखे मोठे, देखणे, बाजारात विकले जाणारे. तिळाएवढ्यांची तिथे दाद नाही. त्यांचं रक्षण होईल तर त्या जागेचं रक्षण झाल्यामुळे, आणि जागेची बाजू मांडताना 'इथे काय आहे हे अजून कळलेलं नाही' हे वाक्य 'इथे युरोपात सर्वत्र मिळणाऱ्या जाती आहेत' यापेक्षा खरंही आहे आणि बळकटही.

किती कळलेलं नसतं, याचा अंदाज घ्यायचा तर न्यू कॅलेडोनियाकडे पाहावं. तिथल्या कुमाक या ठिकाणी फिलिप बूशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 295 चौरस किलोमीटर भागात शंखशिंपल्यांचा कसून शोध घेतला. 2002 साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत 2,738 जाती आहेत. त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश जाती प्रौढपणीही 4.1 मिलिमीटरपेक्षा लहान. आणि पाचातली एक जात अशी, की तिचा अख्ख्या मोहिमेत एकच नमुना मिळाला. एकच. एवढी माणसं, एवढ्या चाळण्या, आणि एक शंख. आपण तासाभराच्या भ्रमंतीत, बादलीभर पाण्यात, फोनवर नावं वाटतो.

डबी

मग करायचं काय? मागणी छोटी आहे. नाव द्यायचं तर नमुना ठेवा. काचेच्या नळीत, आत कागदाची चिठ्ठी : जागा, तारीख, कशातून मिळाला, कुणी गोळा केला. फोटो तोंड समोर करून आणि टोक वर ठेवून, शेजारी मोजपट्टी. आणि जिथवर पुरावा नेतो तिथवरच नाव लिहा. आपल्या शाळेच्या पुस्तकांत प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे स्वतःचं नाव. आडनावावर थांबण्यात कमीपणा नाही. कुळावर थांबण्यातही नाही.

मुंबईचं उदाहरण यासाठी नेहमी देते. अलेक्झांडर अबरक्रॉम्बी यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरून गोळा केलेल्या शंखांवरून जेम्स कॉस्मो मेलव्हिल यांनी 1893 साली मँचेस्टरच्या एका विद्वत्सभेच्या नियतकालिकात पंचवीस नव्या जातींचं वर्णन केलं. त्यातल्या सगळ्या नव्या होत्या का, हा प्रश्न आजही विचारता येतो. आणि विचारता येतो याचं कारण असं, की मेलव्हिल शंख फेकून देणारे गृहस्थ नव्हते. त्यांचा संग्रह पुढे टॉमलिन यांच्याकडे गेला आणि तिथून कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात. आपल्या मुंबईच्या वाळूचा पुरावा पाहायला वेल्सला जावं लागावं, याचा राग मला आहे, आणि तो राग साहेबावर नाही. त्यांनी ठेवलं. आपण काय ठेवलं?

मी पाच नळ्या ठेवल्या होत्या, कापसात गुंडाळून, सागाच्या कपाटात. मला अभिमान होता त्या कपाटाचा. लाकडातून आणि पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ सुटते, ती चुन्याच्या शंखाला हळूहळू खाते आणि वर पांढरी भुकटी धरते, हे मला फार उशिरा कळलं. बाईन यांनी 1899 साली या रोगाबद्दल लिहिलं होतं. त्यांना तो जंतूंचा वाटला, पण रोग खराच होता. पाचातल्या तीन नळ्यांची भुकटी झाली होती. दोन वाचल्या.

अहवाल घेऊन आलेला तोच विद्यार्थी आता प्रयोगशाळेत काम करतो. गेल्या वर्षी त्यानं त्या दोन नळ्या चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या आणि मला खुर्ची दिली. सीकम ग्लॅब्रमचा पडदा अर्ध्या घुमटासारखा असतो, त्याला टोक नसतं. माझ्या दोन्ही नळ्यांच्या पडद्याला एका बाजूला बारीक, स्पष्ट टोक होतं. पाहायला अर्धं मिनिट पुरलं. 2003 साली मी ते अर्धं मिनिट दिलं नव्हतं.

"मग ही कोणती मॅडम?" त्यानं विचारलं.

मला माहीत नाही. दोन नळ्यांवर सांगता येणार नाही. जिवंत प्राणी हवेत, वेगवेगळ्या वयाच्या नळ्या हव्यात, अजून न गळलेलं बालपणीचं वेटोळं मिळालं तर फारच बरं. त्यासाठी त्या खाडीच्या तोंडाशी जाऊन वाळू चाळायला हवी. तिथे आता जेट्टीचा भराव आहे. शेजारच्या दोन खाड्यांतून मी वाळू आणते, चाळते. अजून तशी नळी मिळालेली नाही. मिळेलही.

निसर्गमंडळाला मी पत्र लिहून दुरुस्ती कळवली. नवीन आवृत्तीत घेऊ म्हणाले. नवीन आवृत्ती निघालेली नाही, जुनीच यादी फिरते आहे, आणि ती पुढे कुणाकुणाच्या अहवालात गेली असेल हे मला कळायचा मार्ग नाही.

डबीवरची चिठ्ठी तेवढी बदलली. जुनं नाव एका रेघेनं खोडलं, वाचता येईल असं, कारण चूकही नोंद आहे. खाली लिहिलं : 'सीकम, जात अनिश्चित. पडद्याला टोक आहे. पाचांपैकी दोन नमुने शिल्लक. मूळ जागा आता भरावाखाली.'

मिऱ्याच्या त्या मुलाचा शंखही मी परत येताना मागून घेतला. तो दुसऱ्या डबीत आहे, काचेच्या. ओठ पातळ आहे, बहुधा बाळ असावं. पुढच्या भ्रमंतीला मुलाला बोलावलंय, भिंग माझं, नजर त्याची. टोक त्यालाच पाहू दे. नाव नाही आलं तरी चालेल.